पाण्यात स्थिर तरंगणारा उंदीर निराश असतो का?

येळ्ळूरकर:
पुतणी बेळगावात बी.फार्म करतेय. काल जेवताना सांगत होती, उंदराला पाण्याच्या उभ्या नळकांड्यात ६ मिनिटं सोडतात आणि शेवटची ४ मिनिटं तो किती सेकंद न हलता तरंगला ते मोजतात. जास्त स्थिर म्हणजे जास्त निराश! पोर्सोल्ट यांची ही १९७७ ची चाचणी. मला काही पटत नाही. आम्ही पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलो. दमलो की उताणे पडून राहायचो. शक्ती राखायची अक्कल उंदरालाही असणारच की.

मलप्रभाकाठ:
काका, तुमच्या विहिरीला पायऱ्या होत्या.
(मी फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधशास्त्र, शिकवतो, म्हणून जरा लांबण लावतो.) पिंजरा तिरका ठेवणं, भुसा ओला करणं, रात्रभर दिवे लावणं, असा ताण आठवडेच्या आठवडे दिला की उंदराची साखरपाण्याची ओढ कमी होते. तिथं पोहण्याचा संबंधच नाही. शिवाय ताणात मेंदू डायनॉर्फिन नावाचं रसायन सोडतो, ते कॅपा नावाच्या ओपिऑइड रिसेप्टरवर (अफूच्या जातीची द्रव्यं पेशीवर जिथं बसतात त्या जागांपैकी एक) बसतं. तो रिसेप्टर औषधानं आधीच अडवला तर उंदीर पाण्यात जास्त वेळ हातपाय मारतो. नुसती अक्कल असती तर औषधानं फरक का पडावा?

येळ्ळूरकर:
मॉर्फीन, म्हणजे अफूतलं औषध, दिलं की उंदीर पिंजऱ्यातही सैरावैरा पळतो म्हणे. मग पाण्यात जास्त हातपाय मारले ते निराशा गेली म्हणून, की नुसतीच झिंग?

मलप्रभाकाठ:
हे मान्य. म्हणूनच मोकळ्या खोक्यात त्याची चाल वेगळी मोजावी लागते. न मोजता काढलेला निष्कर्ष मीही मानत नाही.

निपाणीची सून:
माझे दीर कंबरदुखीसाठी ट्रॅमाडॉल, मॉर्फीनच्याच जातीचं वेदनाशामक, घेत होते, मग सुटेना. २०१८ ला ते अंमली पदार्थांच्या कायद्यात आलं, तोवर सवय लागली होती. बंद केल्यावर घाम, मळमळ आठवड्यात गेली. पण पुढं महिनाभर भिंतीकडं तोंड करून पडून. मॉर्फीन सोडवलेले उंदीरही चार आठवड्यांनी जास्त स्थिर राहतात, सोबत्यांपासून लांब राहतात असं वाचलं. काका, ह्याला पण शक्ती राखणं म्हणायचं?

येळ्ळूरकर:
नाही वहिनी. पण दिरांना विचारता येतं. उंदराला कोण विचारणार? ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सनं तर २०२४ ला ही चाचणी कायद्यानंच बंद केली.

निपाणीची सून:
विचारून कुठं सांगत होते! "बरा हाय" एवढंच. एक दिवस चहात साखर घालायची राहिली, ते गुमान पिऊन गेले. तेव्हा सासूबाई घाबरल्या.