टायर घासतोय, अलाईनमेंटने थांबेल का?

स्टेपनी:
मंडळी जरा मदत करा. गाडीला १८५/६५ आर १५ टायर होते, ते काढून त्याच रीमवर २०५/६५ टाकले, आता पार्किंग करताना स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की पुढून खर्र खर्र आवाज येतो. मेकॅनिक म्हणाला अलाईनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करा जाईल, केली, आवाज तसाच.

घाटवळण:
नुसता टो (वरून बघता चाकं आत-बाहेर किती वळलेली ते) सेट केला असणार. टोने टायर वेडावाकडा झिजायचा थांबतो, घासायचा नाही. हिशोब बघ ना, पहिला आकडा रुंदीचा, नवा टायर २० मिमी जास्त रुंद म्हणजे दोन्ही अंगांना दहा-दहा, साइडवॉल (टायरच्या बाजूची उंची, रुंदीच्या ६५ टक्के) १२० वरून १३३, जागाच खाल्लीये त्याने. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) एक डिग्री आत घेतलास तरी टायरचा वरचा काठ जेमतेम पाच-सात मिमी आत जाणार आणि आतली कड झिजणार ते वेगळंच.

बोल्टढिला:
आधी घासतंय कुठे ते बघा राव, सगळे लगेच मशीनवर गाडी चढवतात. टायरच्या दोन्ही कडांना खडू फासा, स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे एकदा उजवीकडे ठेवून गाडी हळू पुढेमागे करा, खडू पुसला जातो आणि लायनरवर (चाकावरच्या कमानीतलं अस्तर) पांढरं उमटतं.

स्टेपनी:
केलं. फक्त डावं चाक, लायनरच्या मागच्या अंगाला, दाराकडे. उजवीकडे काहीच नाही 🤔

बोल्टढिला:
मग एकट्या टायरचा दोष नाही, दोन्हीकडे घासलं असतं. अलाईनमेंटच्या प्रिंटआउटवरचे कॅस्टरचे (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) आकडे टाक.

स्टेपनी:
डावा २.९ डिग्री, उजवा ४.१. टो हिरव्यात (म्हणजे मर्यादेत) दिसला म्हणून पुढचं वाचलंच नाही.

घाटवळण:
सापडलं की मग! कॅस्टर कमी म्हणजे चाक मागे सरकलंय, लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) वाकलाय नाहीतर त्याचा बुश (रबरी सांधा) गेलाय, कधी खड्ड्यात जोरात आदळली होती का? बऱ्याच गाड्यांना कॅस्टर फिरवायची सोयच नसते, फार तर सबफ्रेम (आर्म जिला बसवलेला असतो ती चौकट) ढिली करून जराशी सरकवतात, पण वाकलेला आर्म तसाच ठेवून तो उद्योग करू नकोस.

स्टेपनी:
आर्मच निघाला. गाडीखाली वाकून बघितलं तर सरळच वाटत होता, नव्याशेजारी ठेवला तेव्हा कळलं. बदलून परत अलाईनमेंट केली, डावा आता ४.०, पार्किंगमधला आवाज बंद. चौघं बसलेले असताना वळणात खड्डा आला तर मात्र एखादवेळी टक् होतं.

बोल्टढिला:
ते तुझे वाढलेले १३ मिमी. पुढच्या वेळी १९५/६० घे, साइडवॉल ११७, जवळपास जुन्याइतकीच.