पिंकर्टनला समीक्षकांनी नाही, पोरांनी वाचवलं

वीझर या अमेरिकन रॉक बँडच्या पिंकर्टन या अल्बमला समीक्षकांनी उशिरा न्याय दिला आणि मग लोक ऐकायला लागले असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही, क्रम उलटा आहे. १९९६ ला रोलिंग स्टोन या संगीत मासिकाच्या वाचकांनीच त्याला वर्षातल्या सगळ्यात वाईट अल्बम्समध्ये टाकलं होतं आणि त्याच मासिकाच्या वाचकांनी २००२ ला त्याला सार्वकालिक सर्वोत्तम अल्बम्सच्या यादीत १६ वा नंबर दिला, मासिकाचे पाच स्टार आले ते त्यानंतर, २००४ मध्ये! मधल्या काळात बँड जवळजवळ गायब होता, तेव्हा पोरांनीच तो एकमेकांना ऐकवत जिवंत ठेवला.

अजून एक, कव्हरकडे कुणी बघितलंय का नीट? ते जपानी चित्रकार हिरोशिगेचं बर्फातल्या रात्रीचं चित्र आहे, वाकून चाललेली माणसं, सगळं कसं गपगार. आणि नाव इटालियन संगीतकार पुच्चिनीच्या मादामा बटरफ्लाय या ऑपेरातल्या, बायकोला सोडून जाणाऱ्या नौदल अधिकाऱ्याचं. मला हे कळल्यावर अल्बममधलं शेवटचं गाणं, बटरफ्लाय, परत लावलं, एवढ्या कर्कश गिटार्सनंतर नुसती अकूस्टिक गिटार आणि गायक माफी मागतोय... तेव्हा कुठे अख्खा अल्बम उलगडला.