टीव्हीवर संध्याकाळी नुसतं गोल फिरतंय. व्हिडिओ घरात भरून कसे ठेवायचे? (बजेट १५००)

मागवाल्याचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. सोलापुरात साखर पेठेत राहतो. वडील पस्तीस वर्षं पॉवरलूमवर होते, आता घरीच असतात. संध्याकाळी सात ते नऊ त्यांचा ठरलेला कार्यक्रम : यूट्यूबवर एक कीर्तन आणि त्यानंतर एखादी निकाली कुस्ती. नेमकं त्याच वेळेला आमच्या केबलवाल्याचं नेट मान टाकतं. अभंगाचं पहिलं चरण झालं की चक्र फिरायला लागतं, दुसरं चरण चहा पिऊन झाल्यावर. वडील रिमोट आपटतात आणि मग सगळं माझ्यावर येतं.

नळाला चार दिवसाआड पाणी येतं म्हणून आपण टाकी, पिंप, कळशी, सगळं भरून ठेवतो की नाही? तसेच रात्री नेट पळतं तेव्हा व्हिडिओ भरून ठेवावेत आणि संध्याकाळी टीव्हीला लावावेत असं डोक्यात आहे.

सामान असं : ३२ इंची स्मार्ट टीव्ही, २०१८ चा. नेटचा प्लॅन ४० एमबीपीएस स्पीडचा. माझा फोन ६४ जीबी, त्यातले ९ रिकामे. कॉम्प्युटर नाही. बजेट १५००, वर एक रुपया नाही. वडिलांना दोनपेक्षा जास्त बटणं जमत नाहीत. काय घेऊ?

विजापूररोड_५५इंच:
आधी तो टीव्ही काढा. २०१८ चा म्हणजे आतला प्रोसेसर म्हातारा झाला. मी दिवाळीत ५५ इंची फोर के घेतला, पैलवानाच्या पाठीवरची माती मोजता येते. ४३ हजाराला पडला, जुना देऊन.

मागवाल्याचा_पोरगा:
मालक, १५०० लिहिलंय की वो.

विजापूररोड_५५इंच:
हप्त्यावर मिळतो.

होटगीरोडचा_डेटासाठा:
माझ्याकडं ४ टीबीची, म्हणजे चार हजार जीबीची, हार्डडिस्क आहे. सहा वर्षांचं सगळं त्यात आहे, लग्नाच्या व्हिडिओपासून बातम्यांपर्यंत. बायको म्हणते बघणार कधी? पण असलेलं बरं. टीव्हीच्या मागं यूएसबीला लावायची, काम झालं. हार्डडिस्कच घ्या, पेनड्राइव्हच्या भानगडीत पडू नका.

बाळीवेस_ताई:
भाऊ, एवढं काय अवघड आहे? व्हिडिओच्या खाली डाउनलोडचं बटण असतं. ते दाबा, उतरवून ठेवा. मी हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जाताना असंच करते, भिगवणपर्यंत रेंज नसली तरी चालतं.

कडक_भाकरी:
ताई, फोनवर चालतं हो, टीव्हीवर नाही. त्या बटणानं उतरवलेला व्हिडिओ ॲपच्या आतच कुलूपबंद राहतो. फाइल म्हणून गॅलरीत दिसत नाही, पेनड्राइव्हवर टाकता येत नाही. मी ओटीजी (फोनला पेनड्राइव्ह जोडायची पिन) आणून तासभर शोधत बसलो होतो. शिवाय यूट्यूबचं पैसे भरून घ्यायचं प्रीमियम नसेल तर कमी क्वालिटीचेच पर्याय मिळतात, आणि सगळ्याच व्हिडिओंना ते बटण चालत नाही. मधूनमधून फोन नेटला जोडावाही लागतो, नाहीतर उतरवलेलं गायब.

सातरस्ता_सम्या:
डाउनलोड बटण दाब की बे. एवढ्यासाठी धागा काढलास?

कडक_भाकरी:
वरचं वाच की आधी.

फसलेला_माणूस:
पेनड्राइव्ह घेणार असाल तर माझी कहाणी ऐका. बाजारातून फिरताना हातगाडीवर २ टीबीची पेनड्राइव्ह दिसली, ४५० रुपये. चकचकीत लोखंडी. म्हटलं लॉटरी लागली. सासूबाईंसाठी भजनं, पारायणं असं दीडशेच्या वर भरलं. पहिली वीस-पंचवीस मस्त लागली, पुढचं सगळं 'फाइल उघडता येत नाही'. भाच्यानं लॅपटॉपवर तपासलं, तर आत चिप होती ३२ जीबीची. तिला २ टीबी म्हणून सांगायला शिकवलेलं असतं. आपण भरत राहतो, जागा संपली तरी ती 'झालं झालं' म्हणत राहते. जुन्याच्या डोक्यावर नवं लिहिते नाहीतर टाकून देते, आपल्याला पत्ता नाही. एच२टेस्टडब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्राम आहे, तो पूर्ण ड्राइव्ह भरून पुन्हा वाचतो आणि खरं माप काढतो. घेतल्या दिवशीच लावा. मी चार महिन्यांनी लावला, तेव्हा गाडीवाला तिथं कुठला असणार?

सासूबाई अजून म्हणतात, जावई पारायण अर्धंच देतो.

होटगीरोडचा_डेटासाठा:
म्हणूनच म्हटलं, हार्डडिस्क.

खात्यातून_निवृत्त:
बाळ, मी टेलिफोन खात्यात तीस वर्षं काढली, म्हणून बोलतो. काही विकत घेण्याआधी दुखणं कुठं आहे ते बघ.

१ एमबीपीएसनं तासभर चाललेला व्हिडिओ ४५० एमबी होतो. साध्या ४८० क्वालिटीला साधारण एवढंच लागतं. तुझा प्लॅन ४० चा. संध्याकाळी त्याचा दहावा भाग जरी मिळाला तरी कीर्तन चाललं पाहिजे. म्हणजे एकतर ओढणारे फार आहेत, नाहीतर राउटरपासून टीव्हीपर्यंत येताना जीव जातोय.

उद्या संध्याकाळी सात वाजता फोन घेऊन राउटरच्या शेजारी उभा राहा आणि स्पीड मोज. मग टीव्हीजवळ जाऊन मोज. दोन्हीकडं कमी असेल तर केबलवाल्याशी भांड. राउटरजवळ चांगला आणि टीव्हीजवळ मेला असेल तर दोष वायफायचा. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात अख्खी गल्ली बसलेली असते. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा रिकामा असतो, पण तो भिंतीला लवकर हरतो. टीव्हीमागं लॅन केबलचं भोक असेल तर दहा मीटर वायर आण आणि सरळ खुपस. दोनशे-अडीचशेत काम.

दुसरं, टीव्हीवर क्वालिटी 'ऑटो'वर असते. व्हिडिओ चालू असताना चाकाच्या चिन्हात जाऊन ४८० कर. ३२ इंचावर पलंगावरून बघणाऱ्याला कीर्तनात फरक कळत नाही.

विजापूररोड_५५इंच:
५५ वर कळतो.

खात्यातून_निवृत्त:
त्यांच्याकडं ५५ नाही.

पूर्वभाग_पत्रा:
राउटर कुठं ठेवलाय ते सांगा आधी. आमचा माळ्यावर, पत्र्याखाली होता. मे महिन्यात बाहेर ४४, पत्र्याखाली किती ते देव जाणे. दुपारपासून तापायचा आणि संध्याकाळी बंद-चालू, बंद-चालू. मी तीन महिने केबलवाल्याला शिव्या दिल्या. मग खाली फळीवर आणून ठेवला, गप चालायला लागला. केबलवाल्याला अजून सांगितलं नाही.

मागवाल्याचा_पोरगा:
आमचा पण माळ्यावरच आहे! पत्र्याखाली. उद्या उतरवतो.

सातरस्ता_सम्या:
फोनवर उतरव आणि टीव्हीला कास्ट कर. फुकटात.

कडक_भाकरी:
सम्या, यूट्यूबवरनं कास्ट केलं की फोन नुसता रिमोट होतो. व्हिडिओ टीव्ही स्वतःच नेटवरून ओढतो, फोनमध्ये उतरवलेलं तसंच पडून राहतं. फोनचा स्क्रीन जसाच्या तसा टीव्हीवर दाखवायचं वेगळं असतं, त्याला स्क्रीन मिररिंग म्हणतात. ते नेटशिवाय चालतं, पण टीव्हीला जमलं पाहिजे. वर फोन तिथंच अडकतो आणि कुणाचा कॉल आला की कीर्तनात 'आत्याचा फोन' दिसतो.

एचडीएमआय_बाबू:
वायरनं जोडा. टाइप-सी टू एचडीएमआय, ७०० ला घेतली. माझ्या फोनला चालली नाही, पण तुमच्या चालेल.

कडक_भाकरी:
स्वस्त फोनच्या टाइप-सीमधून बऱ्याचदा चित्र बाहेर येतच नाही, नुसतं चार्जिंग आणि डेटा. मॉडेल बघितल्याशिवाय वायर घेऊ नका.

अशोकचौक_जुगाडू:
एवढी चर्चा कशाला? साइट असतात, लिंक चिकटवली की एमपी४ हातात. पेनड्राइव्हवर टाका, विषय संपला.

अक्कलकोटरोड_वहिनी:
भाऊजी, असल्या साइटवरनं आमच्या दिरानं 'डाउनलोडर' म्हणून एपीके (प्ले स्टोअरच्या बाहेरचं ॲप) घेतलं. खरं बटण कुठलं आणि जाहिरातीचं कुठलं तेच कळत नाही. दुसऱ्या दिवसापासून फोन आपोआप मेसेज वाचायला लागला. बँकेत जाऊन खातं बंद करून आलो, पैसे वाचले, पण आठवडाभर घरात कुणी कुणाशी बोललं नाही.

मंगळवारबाजार_वकील:
आणि नियमांचंही बघा. यूट्यूबच्या अटींप्रमाणे त्यांच्या बटणाशिवाय उतरवायचं नाही. कीर्तनकाराचं पोट त्या बघण्यावर असतं. आपल्या कायद्यात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षं राहतो, त्याहून जुनं असेल ते मोकळं होतं. तुमच्या वडिलांची कीर्तनं त्यात बसणार नाहीत.

अशोकचौक_जुगाडू:
वकीलसाहेब, टेपरेकॉर्डरवर रेडिओ टेप करत होता का नाही लहानपणी?

मंगळवारबाजार_वकील:
करत होतो. तेव्हा वकील नव्हतो.

सप्ताहकरी:
आमच्या गावच्या सप्ताहात स्टॉलवर कीर्तनं भरलेली पेनड्राइव्ह मिळाली होती. ओळखीच्या महाराजांची असली तर त्यांच्याच माणसाला विचारून बघा, खुशीनं देतात.

फसलेला_माणूस:
पेनड्राइव्ह आणली तर टीव्हीला तिचा कुठला फॉरमॅट (आत फाइली मांडायची पद्धत) चालतो ते बघा. एफएटी३२ असेल तर एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही. एक्सफॅट केलं तर जुने टीव्ही ओळखत नाहीत. आणि व्हिडिओ एच.२६५ चा (नव्या पद्धतीनं दाबून लहान केलेला) असला तर बरेच जुने टीव्ही नुसता आवाज देतात, चित्र काळं. एच.२६४ चा एमपी४ जवळपास सगळीकडं चालतो. डेटासाठा साहेब, तुमच्या हार्डडिस्कला टीव्हीची यूएसबी पुरेशी वीज देते का?

होटगीरोडचा_डेटासाठा:
कधीकधी टक-टक आवाज येतो. पण येतं.

फसलेला_माणूस:
तो आवाज वीज कमी पडल्याचाच असतो बहुतेक. सहा वर्षांचं एकाच ठिकाणी ठेवलंय ना? दुसरी प्रत काढा आजच.

होटगीरोडचा_डेटासाठा:
४ टीबीची प्रत कशावर काढू? अजून एक ४ टीबी?

विजापूररोड_५५इंच:
लाइट गेल्यावर काय करता सगळे? आमच्याकडं परवा दोन तास नव्हती.

पूर्वभाग_पत्रा:
राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. पण फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही पाहिजे, नाहीतर राउटर जागा आणि नेट झोपलेलं. आणि टीव्हीला इन्व्हर्टर लागतोच, तो विसरू नका.

सातरस्ता_सम्या:
लाइट गेली की गच्चीवर झोपायचं असतं. कसलं कीर्तन?

मागवाल्याचा_पोरगा:
सगळ्यांचे आभार. नऊ दिवसांनी लिहितोय, माफ करा.

राउटर माळ्यावरून उतरवला. बंद पडायचा थांबला, पत्रावाल्या दादांना एक चहा लागू. निवृत्त काकांनी सांगितल्याप्रमाणे मोजलं : सात वाजता राउटरजवळ ११, टीव्हीजवळ २. म्हणजे दोन्हीकडं मार. टीव्हीला लॅनचं भोक आहे, पण मधे देवघर आहे आणि आई म्हणाली देवघरावरून वायर जाणार नाही. विषय बंद.

मग एका संध्याकाळी वडिलांशेजारी बसून नीट बघितलं. माणूस कीर्तनात टीव्हीकडं बघतच नाही. डोळे मिटून टाळीचा ठेका धरतो, फक्त गजराला डोळे उघडतो. आवाज तेवढा चाळीसवर, कारण मागाच्या खडखडाटानं कान गेलेत. आईचं डोकं दुखतं ते त्यानं, नेटनं नाही.

तर मी कानावर बसणारा ब्लूटूथ हेडफोन आणला, ८९० रुपये. आईचा जुना फोन कपाटात पडला होता, तो पुसून त्यात ताईंच्या बटणानं रात्री पाच कीर्तनं उतरवून ठेवतो, सगळ्यात कमी क्वालिटीत. फोन उशीखाली, हेडफोन कानावर. हेडफोनला चालू-बंद आणि फोनवर प्ले, दोनच बटणं. डाउनलोडचं बटण चालत नाही अशी दोन कीर्तनं आहेत, ती टीव्हीवर ४८० ला बघतात. ६१० रुपये उरले.

कुस्ती मात्र डोळ्यांनीच बघायची असते, ती पहाटे पावणेसहाला टीव्हीवर बघतात. तेव्हा गल्लीत कुणी नेट ओढत नाही, एकदाही चक्र फिरत नाही. आई म्हणते, पूर्वी पहाटे पाण्याला उठत होतो, आता कुस्तीला उठायचं.

खात्यातून_निवृत्त:
देवघराच्या मागच्या भिंतीतून काढ वायर. खालून, पट्टी मारून. वर कशाला न्यायची?

बाळीवेस_ताई:
मी पहिल्यांदाच सांगितलं होतं बटण दाबा.

जुळे_सोलापूर_नवीन:
धागा आता वाचला. ४ टीबीची हार्डडिस्क कितीला मिळते कुणी सांगेल का?