जीटीए आरपीवर रोज नुसता गोळीबार, कॅरेक्टरला जागा कशी मिळणार?

फाइव्हएम (जीटीए ५ चा मोड, ज्यावर लोक स्वतःचे सर्व्हर चालवतात) वरच्या एका छोट्या सर्व्हरवर आरपी, म्हणजे रोलप्ले, आपापलं कॅरेक्टर वठवत खेळतो. माझं कॅरेक्टर गॅरेजवाला आहे, कर्जात बुडालेला, भाऊ गँगमध्ये. अर्धा तास मन लावून सीन रंगवतो आणि तेवढ्यात कुणीतरी बँक लुटून मागे पोलीस घेऊन गॅरेजात घुसतं, सगळं पाण्यात. पण नुसत्या गप्पा ठेवल्या की अर्धी पोरं लॉगआउट होतात हेही खरंय. तुम्ही कसं जमवता?

प्रतिसाद १
दरोडे बंद करू नको रे. आमच्याकडे ४ पोलीस ऑनलाइन असल्याशिवाय बँक उघडतच नाही आणि एका दरोड्यानंतर २ तास दुसरा नाही. मग पोरं आपोआप प्लॅन करत बसतात, गाडी कुणाची, ओलीस कोण, पैसे कुठे लपवायचे, आणि खरं आरपी तिथेच होतं. तुझ्या भावालाच दरोड्यासाठी तुझ्या गॅरेजातली गाडी हवी असू दे की, बघ काय होतं.

प्रतिसाद २
फिअर आरपी पाळतात का तुमच्याकडे? डोक्याला बंदूक लावली तर घाबरायलाच हवं, नाहीतर ती शूटिंग गेमच झाली. न्यू लाइफ रूलचं मात्र मला पटत नाही, मेल्यावर सगळं विसरायचं म्हणजे सूड, भीती काहीच उरत नाही. आम्ही आधी हॉस्पिटलचा सीन करतो, जखम चार दिवस खेळतो.

प्रतिसाद ३
आम्ही डिस्कॉर्डवर लिहून डीअँडडी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवरचा रोलप्ले गेम) खेळतो. लढाईत गेममधल्या ६ सेकंदांच्या एका राउंडला आठवडा जातो, म्हणून मारामाऱ्या कमीच ठेवतो.

मूळ प्रश्नकर्ता
भावाची गाडी!! आज रात्रीच ॲडमिनशी बोलतो.