मदत हवी आहे: चिंक्वे तेर्रे एका दिवसात, आई-बाबांसोबत

मे महिन्यात इटलीला जातोय, चिंक्वे तेर्रे म्हणजे तिथली समुद्रकाठची पाच गावं बघायला. मुक्काम जवळच्या ला स्पेत्सिया शहरात. सकाळी लोकलने थेट त्यातल्या मोंतेरोस्सोला, तिथून बाबा आणि मी डोंगरातल्या पायवाटेने वेर्नात्साला. आई ट्रेनने पुढे येईल. ट्रेन आणि पायवाट दोन्हींना चालणारं एकच कार्ड मिळतं, ते घेणारच.

प्रश्न आईच्या गुडघ्यांचा. कोर्निल्या कड्यावर आहे, स्टेशनपासून वर पावणेचारशेच्या आसपास पायऱ्या! वर जायला छोटी बस असते, पण गर्दीत तिच्यात शिरायला मिळतं का? की कोर्निल्या गाळून मानारोलात निवांत बसावं? बाबांचं म्हणणं, पाचही गावं झालीच पाहिजेत (अष्टविनायकाला निघाल्यासारखं).

आणि पायवाटेवरच्या दगडी पायऱ्या साठीतल्या, रोज चालणाऱ्या माणसाला झेपतील ना? जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा.