पुनरुत्थान म्हणजे "नवी पालवी"? मला नाही पटत

अक्षरवेडी
काल रानवारा यांनी लिहिलं, "ख्रिस्ताचं पुनरुत्थान हे आशेचं रूपक आहे, पानगळीनंतर झाडाला पालवी फुटते तसं. देह खरोखर उठला का हा प्रश्नच बालिश आहे, आत्मा अमर आहे एवढं कळलं तरी पुरे." खाली सगळ्यांची वाहवा. मी दोनदा उत्तर लिहून पुसलं, आता मात्र राहवत नाही.

आत्म्याचं अमरत्व वेगळं आणि पुनरुत्थान वेगळं हो! पुनरुत्थान म्हणजे क्रूसावर मेलेला येशू देहासकट पुन्हा जिवंत उठला, थडगं रिकामं सापडलं. तुम्ही दोन्ही एकाच वाक्यात गुंडाळलंत. आत्मा अमर आहे हे प्लेटोनेही सांगितलेलं, त्यासाठी रिकामं थडगं कशाला लागतं? ख्रिस्ती प्रेषित पौल अथेन्समध्ये बोलत होता तेव्हा लोक बराच वेळ नीट ऐकत होते, मेलेले उठतात म्हटल्यावर टिंगल सुरू झाली (बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, 17वा अध्याय). पालवीची कोणी टिंगल केली नसती.

आणि ही आशा यहुद्यांमध्ये कशी मूळ धरून बसली ते बघा ना, छळातून. बायबलमधल्या दानीएलच्या पुस्तकाचा 12वा अध्याय, नंतर मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातले श्रद्धेपायी छळ करून मारलेले ते सात भाऊ. तिसरा भाऊ छळणाऱ्या राजासमोर हात पुढे करतो आणि म्हणतो, हे मला स्वर्गातून मिळाले, तिथूनच परत मिळतील. म्हणजे मुद्दा न्यायाचा आहे. ज्या देहावर अन्याय झाला त्याच देहाला न्याय. रोमने येशूला क्रूसावर मारून निकाल देऊन टाकला होता, देवाने त्याला उठवून तो निकाल फिरवला. आता सांगा, रूपकाने निकाल कसा फिरतो?

एवढी का चिडले तेही सांगते. माझा धाकटा भाऊ जन्मापासून चालू शकला नाही. तो गेला तेव्हा येणारा प्रत्येक जण म्हणत होता, सुटला बिचारा, देहाच्या तुरुंगातून आत्मा मोकळा झाला. तुरुंग? त्याच हातांनी तो माझ्या वेण्या ओढायचा, त्याच चेहऱ्याने हसायचा. तो देह म्हणजेच तो होता. मला त्याचा "आत्मा" नकोय, मला तो हवाय.

रानवारा
तुमच्या भावाबद्दल वाचून खरंच वाईट वाटलं. पण ताई, दुःख मोठं आहे म्हणून युक्तिवाद बरोबर ठरत नाही. पौलच लिहितो की मांस आणि रक्त यांना देवाच्या राज्याचं वतन मिळत नाही (करिंथकरांस पहिलं पत्र, 15:50). "आध्यात्मिक शरीर" हा शब्द त्याचाच. येशूची कथा सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांत मार्कचं सर्वात जुनं, त्याच्या जुन्या हस्तलिखित प्रती, सिनाई आणि व्हॅटिकनच्या, 16:8 ला संपतात. थडग्यावर गेलेल्या बाया घाबरून पळाल्या, कोणाला काही बोलल्या नाहीत, संपलं. उठलेला येशू तिथे कोणाला दिसतच नाही. जर्मन धर्मशास्त्रज्ञ बुल्टमानने 1941 मध्ये ऐन युद्धात हेच मांडलं की आजच्या माणसाला जुन्या जगाचं चित्र गिळायला लावू नका, त्यातली हाक ऐकवा. मी वीस वर्षं प्रार्थनेला गेलो नाही, कारण लहानपणी शिकवणाऱ्यांनी सांगितलं होतं की देह उठला यावर शंका घेतलीस तर तू ख्रिस्ती नाहीस. रूपक म्हणून वाचायला लागलो तेव्हा परत आलो. ते माझ्याकडून काढून घेऊन मला काय देणार तुम्ही?

तर्कशुद्ध
दोघंही पुराव्याला बगल देताय. शिष्यांना काहीतरी दिसलं असं त्यांना मनापासून वाटलं, इतिहास इथपर्यंत येतो आणि थांबतो. वडील गेल्यावर तीन आठवड्यांनी मी स्वयंपाकघरातून त्यांची हाक ऐकली, स्पष्ट, माझ्या नावाने. मी धर्म नाही काढला त्यावरून.

अक्षरवेडी
@तर्कशुद्ध तुम्ही ऐकलीत ती हाक खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण मेलेल्या माणसाचा भास होणं त्या लोकांनाही माहीत होतं, त्याला ते भूत म्हणायचे. लूकच्या शुभवर्तमानात 24व्या अध्यायात शिष्यांना आधी भूतच वाटतं, मग येशू हातपाय दाखवतो, भाजलेला मासा खाऊन दाखवतो. तुमचे वडील परत आले असं तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत, त्यांनी सांगितलं. हा फरक कसा आला ते सांगा. आणि करिंथकरांचं पत्र साधारण 53 ते 55 मधलं, त्यात पौल म्हणतो मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं, म्हणजे उठलेला येशू कोणाकोणाला दिसला ही तिथली यादी त्याच्याही आधीची आहे.

@रानवारा मूळ ग्रीक बघा. तिथला "आध्यात्मिक" हा शब्द शरीर कशाचं बनलंय ते सांगत नाही, कशाच्या जोरावर जगतं ते सांगतो. पवनचक्की काय वाऱ्याची बनलेली असते?

शेवंती
यादीचं नाव काढलंत म्हणून विचारते. त्या यादीत केफा म्हणजे पेत्र आहे, बारा शिष्य आहेत, पाचशेच्या वर बंधू आहेत, याकोब आहे, स्वतः पौल आहे. बायका कुठायत? चारही शुभवर्तमानांत थडग्यावर पहिल्यांदा पोचल्या त्या बायका, योहानात तर येशू आधी त्याची शिष्या मग्दालीया मरीया हिलाच भेटतो आणि जाऊन सांग म्हणतो. वीस-पंचवीस वर्षांत तिचं नाव गळालं कसं? पुढे 591 च्या प्रवचनात पोप पहिला ग्रेगरी याने तिला लूकमधल्या एका निनावी पापिणीशी जोडून टाकलं आणि तेच शतकानुशतकं चिकटलं. तिचा स्मरणदिन प्रेषितांच्या बरोबरीने सण व्हायला 2016 उजाडलं. तुम्ही देहाच्या न्यायावर बोलताय, मग साक्षीच्या न्यायाचं काय?

मातीचा माणूस
ते सगळं ठीक आहे पण मला अक्षरवेडींशी भांडायचंय. "देह म्हणजेच तो" हे बोलायला फार छान वाटतं. माझ्या आईने तिच्या इच्छेने दहन निवडलं. दफनविधीत प्रार्थना करणाऱ्यांनी नकार दिला आणि एका नातेवाईकाने सगळ्यांसमोर मला विचारलं, आता ही उठणार कशी? अकरा वर्षं झाली, अजून रात्री आठवतं ते. देह देह करणाऱ्यांनीच हे डोक्यात भरवलंय.

जुना घंटानाद
त्या नातेवाईकाला सांगायचं होतं की कॅथलिक चर्चने दहनाला 1963 मध्येच परवानगी दिलीये. 1886 ची बंदी होती ती यासाठी की तेव्हा काही लोक पुनरुत्थान नाकारायला मुद्दाम दहन करून घेत होते. 1983 च्या चर्चच्या कायद्यातही तेच आहे, दफन श्रेयस्कर, पण श्रद्धेच्या विरोधातल्या कारणासाठी नसेल तर दहनाला मनाई नाही. फक्त राख पवित्र जागी ठेवायची, उधळायची नाही, ते 2016 ला स्पष्ट केलं. ऑर्थोडॉक्स चर्च मात्र सहसा मान्य करत नाही, आणि मला विचाराल तर तेच बरोबर आहेत. ज्या देहाचा बाप्तिस्मा झाला तो जाळायचा कशाला?

मातीचा माणूस
"मला विचाराल तर." कोणी विचारलं नव्हतं. माझी आई होती ती.

जुना घंटानाद
तुमच्या आईबद्दल मी एक शब्द बोललो नाही. पहिल्या ख्रिस्ती लोकांनी जीव धोक्यात घालून प्रेतं पुरली ती उगाच नाही एवढंच म्हणतोय.

अक्षरवेडी
घंटानाद, मग फ्रान्समधल्या लियॉनचं काय करणार? 177 मध्ये तिथल्या ख्रिस्ती हुतात्म्यांची प्रेतं सहा दिवस उघड्यावर टाकली, मग जाळली आणि राख ऱ्होन नदीत लोटली. मुद्दाम. मारणारे म्हणाले, बघू आता उठतात का. "आता ही उठणार कशी" हे वाक्य त्या मारेकऱ्यांचं आहे, चर्चचं नाही! जुन्या चर्चचा थोर विचारवंत ऑगस्टिननेही लिहिलंय की दफनाचे सोपस्कार मेलेल्याच्या मदतीसाठी नसतात, जिवंतांच्या सांत्वनासाठी असतात. ज्याने मातीतून माणूस केला त्याला राखेची अडचण होईल?

मातीचा माणूस, तुमच्या आईला नकार देणाऱ्यांचा मला खूप राग आला. पण त्यांच्या चुकीचं खापर देहावर फोडू नका. देह महत्त्वाचा म्हणजे त्याचे अणू जपून ठेवा असं नाही. तुमची आई ही तुमची आई म्हणूनच उठेल, कोणा बिनचेहऱ्याच्या प्रकाशात विरघळून नाही, एवढंच मी म्हणतेय.

मातीचा माणूस
लियॉनचं माहीत नव्हतं. त्या दिवशी माहीत असतं तर तोंडावर सांगितलं असतं. अणूंबद्दलचं तुमचं मान्य, बाकीचं मला अजून जड जातं.

तर्कशुद्ध
मग अडचण वाढली की. अणू तेच नाहीत, मांसरक्त जसंच्या तसं नाही, उठलेला येशू बंद दारातून आत येतो, मरीयेला माळी वाटतो, अम्माऊस गावाच्या वाटेवर दोघं शिष्य कोस न् कोस बरोबर चालूनही त्याला ओळखत नाहीत. हा "तोच देह" कुठल्या अर्थाने?

अक्षरवेडी
जखमांच्या अर्थाने. शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला तो खिळ्यांचे व्रण दाखवतो. देवाला जखमा पुसता आल्या नसत्या का? ठेवल्या. सगळं बदललं तरी जे सोसलं ते त्याचंच राहिलं. मी भावाबद्दल रोज हा विचार करते. तो धावत येईल का खुर्चीत असेल मला माहीत नाही, पण त्याने जे सोसलं ते खोडून त्याजागी कोणी दुसरा सुदृढ मुलगा माझ्यासमोर उभा केला तर मी म्हणेन हा माझा भाऊ नाही. दारांचं आणि ओळख न पटण्याचं उत्तर माझ्याकडे नाही, मान्य करते.

तर्कशुद्ध
हे पुराव्यात बसत नाही. पण तुम्ही काय म्हणताय ते पहिल्यांदा कळलं, इतके दिवस मला वाटायचं तुम्ही लोक प्रेत चालतं झालं असं म्हणता.

रानवारा
जखमांचा मुद्दा माझ्या रूपकात बसत नाही हे खरं आहे. दरवर्षीच्या पालवीला मागच्या वर्षीची कुऱ्हाड आठवत नसते. ती उपमा मी मागे घेतो, "बालिश" हा शब्दही घेतो, तो लिहायला नको होता. पण मार्क 16:8 ला का थांबतो याचं उत्तर तुम्ही दिलेलं नाही, आणि माझ्यासारख्याला शंकेसकट आत बसू देणार की नाही याचंही नाही.

अक्षरवेडी
बसा की. मत्तयाच्या 28व्या अध्यायात डोंगरावर काहींनी त्याला समोर बघूनही संशय धरला, आणि त्यांना कोणी हाकलल्याचं लिहिलेलं नाही. पण मार्कही संपूर्ण वाचा. थडग्यात बसलेला एक तरुण त्या बायांना आधी सांगतो की येशू उठलाय, तुमच्यापुढे गालील प्रांतात जातोय, मग त्या पळतात. पालवी बघून कोणी थरथर कापत पळत नाही.

शेवंती
पळाल्या, घाबरल्या, सगळं लिहिलं. आणि तरीही बातमी बाहेर आली म्हणजे त्यांच्यातल्याच कोणीतरी सांगितलीच ना? माझ्या यादीच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, मी थांबलेय.