फाउंटन्स ॲबी : घरच्यांना घेऊन गेलात, तर कोण कुठे रमलं?

आई-बाबा किंवा सासू-सासरे इंग्लंडात आले आणि यॉर्कशरकडे जायचं ठरलं, की फाउंटन्स ॲबीचं नाव निघतंच. रिपनजवळ स्केल नदीच्या काठचा हा पडका मठ आणि त्याला लागून स्टडली रॉयलची जलउद्यानं. १९८६ पासून दोन्ही मिळून जागतिक वारसास्थळ. फोटो सगळ्यांकडे आहेत, ते नकोत. कोण रमलं, कोण कंटाळलं, ते लिहा.

सुरुवात मी करते. चर्चच्या उंच भिंती बघून आमची आई म्हणाली, "छप्परच नाही, बघायचं काय?" ती थबकली ती शेकोटीच्या दालनात. स्वयंपाकघर आणि आजाऱ्यांची जागा सोडली तर साधूंना ऊब मिळायची ती इथेच. यॉर्कच्या मठातलं राहणं फार ऐषआरामाचं वाटलं म्हणून १३ जण तिथून बाहेर पडले आणि ११३२ साली इथे आले, हे ऐकल्यावर तिचा शेरा: "सुख टोचलं!"

*

बाबागाडीवाल्यांनो, व्हिझिटर सेंटरकडून मठाकडे जाणारी वाट उताराची आहे. जाताना काही वाटत नाही, परतताना कळतं.

*

मला मठापेक्षा बाग आवडली. असं म्हटलं की जाणकार नाक मुरडतात, मुरडू देत. ही बाग जॉन एस्लबीची. हा ब्रिटनचा अर्थमंत्री. १७२० साली साउथ सी कंपनीच्या शेअरचा फुगा फुटला, त्यात लोक बुडाले आणि त्या प्रकरणात हात होता म्हणून १७२१ मध्ये याला संसदेतून हाकलून टॉवर ऑफ लंडनमध्ये डांबलं. सुटल्यावर गडी आपल्या इस्टेटीवर आला आणि आधीच सुरू केलेल्या बागेच्या मागे लागला. वळणं घेणारी नदी सरळ कालव्यात बसवली, मधे गोल तळं आणि त्याच्या दोन बाजूंना चंद्रकोरीसारखी दोन तळी खोदली. माझे बाबा जन्मभर बँकेत. ते तळ्याकाठी बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "कर्ज बुडव्यांची अभिरुची नेहमीच चांगली असते."

मठाचे अवशेष मात्र एस्लबीला मिळालेच नाहीत. ते १७६७ साली त्याच्या मुलाने, विल्यमने, विकत घेतले आणि अख्खा मठ बागेतला देखावा झाला. ॲन बोलिन्स सीट नावाच्या जागेवरून तो झाडीतून एकदम समोर येतो. सोबत पहिल्यांदा येणारं कुणी असेल तर त्यांना पुढे चालू द्या.

*

मुलांसाठी एकच शब्द: बोगदा. बागेच्या चढावर सर्पाकार, अंधारा. आमची दोघं आत-बाहेर करत ओरडत राहिली. देवळं, मनोरा, पुतळे, सगळं फुकट गेलं.

*

पाऊस आला तर सेलेरियममध्ये, म्हणजे मठाच्या कोठारात शिरा. सुमारे ३०० फूट लांब, वर कमानीच कमानी, आणि हे छत अजून शाबूत. इथे साठवण असायची, आणि एका भागात कामकरी बंधू, म्हणजे मठातली कष्टाची कामं करणारे, जेवायचे. हे लोक शेती करायचे, मेंढ्या राखायचे. मठ श्रीमंत झाला तो लोकरीवर. माझे सासरे शेतकरी. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे जप करणारे वेगळे आणि राबणारे वेगळे?" हो, अण्णा. झोपायची जागाही वेगळी.

*

"छप्परच नाही" म्हणणाऱ्या वरच्या आईंना सांगा, छप्पर होतं. १५३९ मध्ये राजा आठव्या हेन्रीच्या माणसांनी मठ ताब्यात घेतला आणि पुढे छतावरचं शिसं काढून वितळवलं. दगडांचं काय झालं ते बघायचं तर आवारातलंच फाउंटन्स हॉल बघा. मठाचेच दगड वापरून बांधलेला वाडा आहे. आमच्या आत्याला तोच सगळ्यात आवडला, कारण त्याला खिडक्यांना काचा आहेत.

*

हरणांचं काय? कुणीच लिहिलं नाही. स्टडली रॉयलच्या पार्कात लाल, फॅलो आणि सिका अशी तीन जातींची हरणं आहेत. डबा तिथेच खाल्ला, पण हरणांना काही घालू नका.